डिप्लोमा झाला, आता नोकरी की डिग्री?



निकालाचे दिवस आले की आमच्या घराचा ओटा भरून जातो. मी तीस वर्षे एका तंत्रनिकेतनात कारकुनी केली. त्यामुळे फॉर्म, दाखला, शिष्यवृत्ती यांत कुणाचे काही अडले की पावले माझ्याकडे वळतात. गेल्या रविवारी सातपूरच्या कामगार वस्तीतून एक माउली आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचे वडील महापालिकेत सफाई कामगार, आई चार घरच्या पोळ्या करते, धाकटा भाऊ दहावीत. मुलीने इलेक्ट्रिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा 76 टक्के गुणांनी पुरा केला आहे. अंबडच्या एका कारखान्यात महिना 14 हजारांची नोकरी तिला चालून आली आहे.

माउली म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा. हिचे मामा म्हणतात, मुलीच्या जातीला एवढं शिक्षण पुरे. हिचे सर म्हणतात, डिग्री कर. आम्ही अडाणी माणसं, काय ठरवायचं?"

असा प्रश्न आज शेकडो घरांत आहे, म्हणून जे तिला सांगितले तेच येथे लिहितो.

प्रथम माहिती घ्या. डिप्लोमा झालेल्या विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगच्या डिग्रीसाठी पहिल्या वर्षाला बसावे लागत नाही. त्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांत डिग्री हाती येते. त्यासाठी बारावीच्या मुलांसारखी सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. मात्र प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतूनच घ्यावा. "फेरीची वाट कशाला पाहता, मॅनेजमेंट कोट्यातून बसवून देतो," असे सांगणारे भेटतील. त्या वाटेने गेलात तर शिष्यवृत्तीला मुकाल आणि फीचा सगळा बोजा घरावर पडेल.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच फाइलमध्ये तयार हवा. यादीत नाव लागल्यावर पडताळणीसाठी धावपळ करणारी कितीतरी मुले मी खिडकीतून पाहिली आहेत. आणखी एक गोष्ट. शिष्यवृत्तीची जी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते, तिच्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. ती घरखर्चाला लागली की पुढे फीसाठी सावकाराचे दार पाहावे लागते.

फीचे असे भागते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर गावाबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत होते. पण हे पैसे वेळेवर येतीलच असे धरून चालू नका. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च पदरी असावा.

अभ्यासाचीही एक अडचण सांगून ठेवतो. थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुले उशिरा वर्गात पोहोचतात, तोवर शिकवणे सुरू झालेले असते. त्यातून गणित. बाकीच्यांचे पहिल्या वर्षाचे गणित झालेले असते, यांचे नसते. हुशार मुलेही तेथे अडखळतात. तेव्हा निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत गणिताचे पुस्तक उघडा.

आता दुसरी बाजू. डिप्लोमा ही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरच्या पदाला डिप्लोमा चालतो. अप्रेंटिसशिप करता येते. पण लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवांना डिग्रीच लागते. "नोकरी करता करता एएमआयई कर," असा सल्ला जुनी मंडळी अजून देतात. पण 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती परीक्षा डिग्रीच्या बरोबरीची म्हणून धरता येत नाही.

माझ्या थोरल्या भावाने 1986 साली डिप्लोमा केला आणि लगेच नोकरी धरली. "दोन वर्षांनी पुढे शिकेन," म्हणाला. त्याच्या पगारावर मी शिकलो, बहिणीचे लग्न झाले, घरावर पत्रे पडले. ती दोन वर्षे मात्र कधी संपली नाहीत. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या हाताखाली काम शिकलेली तीन पोरे त्याचे साहेब होती. तो कधी कुरकुरला नाही. पण तो कधी परत जाणार, हे आम्हीही त्याला एकदाही विचारले नाही. ही चूक आमची.

नोकरीसाठी शिक्षण थांबवणे यात कमीपणा नाही. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा जमवला, उरलेल्यासाठी मदत व कर्ज घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. थांबायचे तर असे थांबावे, परतीची मुदत ठरवून!

हे सगळे सांगून झाल्यावर मी मुलीकडे वळलो. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. "बाळ, तुला काय वाटतं?" तिने पिशवीतून वही काढली आणि शेवटचे पान माझ्यापुढे धरले. नोकरीचे तीन वर्षांचे 5 लाख 4 हजार. पप्पांच्या निवृत्तीला 2 वर्षे 7 महिने. भाऊ बारावीला कधी, मेसचा खर्च किती, सगळे मांडलेले! माउली पाहतच राहिली. "अगं, मग बोलली का नाहीस?" पोरगी म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, आई."

संध्याकाळी मुलीचे वडील ड्यूटीवरून थेट आले. वही मध्ये ठेवून आम्ही चौघे बसलो. शेवटी ठरले ते असे. मुलीने फॉर्म भरायचा, पण सरकारी आणि चांगल्या निवडक कॉलेजांचीच नावे द्यायची. राहण्याची सोय होऊन त्यांत नंबर लागला तर जायचे; वडिलांच्या निवृत्तीनंतरचे सात-आठ महिने आईची कमाई आणि निवृत्तीवेतन यांवर घर चालवायचे. नंबर नाही लागला तर वर्षभर अप्रेंटिसशिप, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म. वडिलांनी आमच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि म्हणाले, "घरी गेल्यावर आमच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो. मी विसरलो तर ही आठवण करील."

माता-पित्यांनो, तुमच्या घरीही असा निर्णय असेल तर फॉर्मची मुदत टळण्याआधी एक संध्याकाळ काढा. कागदावर हिशेब मांडा. आणि तो मांडण्यापूर्वी ज्याचे आयुष्य आहे त्याला, आणि विशेषतः तिला, आधी विचारा.

जयभीम!