आईच्या मोबाइलला सगळं आठवतं

लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहतो. मोबाइल चौघांकडेही आहेत, पण मोठ्या स्क्रीनचा एकच, आईचा. त्यामुळे बाबांची तिकिटं, भावाचा क्रिकेटचा स्कोअर, माझ्या पाककृती, सगळं त्याच्यावरच. तुमच्याकडेही असा एखादा 'सार्वजनिक' मोबाइल असेलच.

गेल्या थंडीतली गोष्ट. दहावीतला भाऊ स्कोअर बघता बघता थांबला आणि काही न बोलता त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. स्कोअरखाली जाहिरात होती, स्तनांच्या तपासणीच्या पॅकेजची, सवलतीसकट. मी पाककृतीचं पान उघडलं. तिथेही तीच.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. शेजारी बसून हळूच विचारलं. तिचे हात थांबले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मोबाइलनं."

आठ दिवसांपूर्वी तिच्या हाताला गाठ लागली होती. बाबा दौऱ्यावरून आले की ती सांगणार होती. तोवर रात्री सगळे झोपल्यावर ती आरोग्याच्या वेबसाइट वाचत बसायची. प्रत्येक ठिकाणी खालून एक पट्टी वर यायची, आणि ती एकदाची जावी म्हणून आई 'स्वीकारा' दाबायची. दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गाठ पाण्याची निघाली, काळजीचं काही नव्हतं. मी म्हटलं, "बघ, जाहिरातीमुळे का होईना, लवकर कळलं."

"गाठ माझी होती गं," आई म्हणाली. "कधी सांगायचं, तेही मीच ठरवणार होते."

यावर मला काही बोलता आलं नाही. कारण असल्या पट्ट्यांचा मजकूर लिहिणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. एका वेबसाइटसाठी मीच लिहिलं होतं, 'तुमचा अनुभव गोड व्हावा म्हणून आम्ही कुकीज वापरतो'. कुकी म्हणजे बिस्किट, म्हणून 'गोड'. तेव्हा स्वतःवर फार खूश झाले होते. 'सर्व स्वीकारा' हे बटण मोठं, हिरवं. नको म्हणायचं असेल तर फिकट अक्षरातलं 'पर्याय', मग आणखी एक पान, मग आणखी एक टॅप. तशीच सूचना होती आणि मी तसंच केलं.

ही कुकी नेमकी काय करते? देवळाबाहेर चपला ठेवल्यावर टोकन मिळतं ना, तसंच काहीसं. वेबसाइटला मुळात कुणीच आठवत नसतं. तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान तिच्यासाठी नवीन गिऱ्हाईक. म्हणून ती तुमच्या मोबाइलमध्ये एक छोटी नोंद ठेवते, बहुतेक वेळा नुसता एक क्रमांक. पुढच्या वेळी मोबाइल तो क्रमांक दाखवतो आणि ती तुम्हाला ओळखते. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोन्टुली या प्रोग्रामरनं ही युक्ती काढली. ऑनलाइन दुकानातल्या टोपलीत गिऱ्हाइकानं काय काय टाकलंय, हे लक्षात ठेवायचं होतं, एवढंच. त्यात वावगं काहीच नाही. कुकी नसती तर दर पानाला नव्यानं पासवर्ड द्यावा लागला असता.

गडबड दुसऱ्या टोकनाची. देवळाच्या दारात एक जाहिरातवालाही बसलेला असतो आणि तोही गुपचूप आपलं टोकन तुमच्या हातात देतो. हाच माणूस पुढच्या देवळातही असतो, त्याच्या पुढच्याही. तुमच्या हातातलं टोकन बघून त्याला कळतं, ही बाई काल रात्री एक वाजता गाठीबद्दल वाचत होती. यालाच थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. आईचं गुपित आरोग्याच्या पानावरून क्रिकेटच्या पानावर बहुधा असंच पोचलं. आयफोनमधल्या सफारीनं 2020 पासून अशा कुकीज सरसकट अडवल्या आहेत. गूगलनंही त्याच वर्षी क्रोममधून त्या काढू म्हणून जाहीर केलं, मुदती पुढे ढकलल्या आणि जुलै 2024 मध्ये तो बेतच सोडला. अँड्रॉइड मोबाइलवर बहुधा क्रोमच असतं, म्हणजे हे काम आपल्यालाच करायचं आहे.

आमच्या वसाहतीत हा विषय निघाला की गाडी आयआरसीटीसीवर येते, रेल्वेची माणसं ना! ऑगस्ट 2022 मध्ये आयआरसीटीसीनं प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा उभा करता येईल, हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली होती. केवढा गदारोळ झाला! त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. तुम्ही कुठून कुठे, कधी, कुणासोबत जाता, हे विकायचं का, असा साधा प्रश्न होता. सल्लागार नेमायच्या आधी तो प्रवाशांना विचारायला हवा होता, असं माझं मत.

आता कायदा आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण संमतीची मुख्य कलमं लागू होण्यासाठी त्यानंतर 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. संमती मागणारी सूचना मराठीत वाचण्याची सोय द्यावी लागेल. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. म्हणजे माझं ते हिरवं बटण आणि फिकट 'पर्याय' चालणार नाहीत. आमचं मानक नगर ज्या आरडीएसओमुळे वसलं, तिथे रेल्वेच्या रुळापासून डब्यापर्यंत कशाचं माप काय असावं, हे ठरतं. बाबांना ते बटण दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "याची तपासणी कुणी केली?"

कायदा लागू होईपर्यंत आपण काय करायचं? क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, तिथे थर्ड-पार्टी कुकीज बंद करा. मोबाइल घरातले सगळे वापरत असतील आणि काही खासगी वाचायचं असेल, तर इन्कॉग्निटो टॅब उघडा आणि वाचून झाल्यावर बंद करा. त्यातल्या कुकीज तिथेच पुसल्या जातात. वेबसाइटला तुम्ही आलात हे तरीही दिसतं, पण उद्या घरच्यांसमोर जाहिरात नाचण्याची शक्यता बरीच कमी होते. एक लक्षात ठेवा, एखाद्या खात्यात लॉग-इन करून शोधलंत तर कुकी पुसूनही ते खातं विसरत नाही.

हे सगळं आईला शिकवलं. आता ती दर रविवारी, फ्रिज पुसावा तशी, सगळ्या कुकीज पुसते. पण गंमत अशी की तुम्ही 'नको' म्हणालात, हेसुद्धा वेबसाइट कुकीतच लिहून ठेवते. ती पुसली की वेबसाइट नकारही विसरते. त्यामुळे सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातून हाक येतेच, "अगं, ही पुन्हा विचारतेय!"

"नको म्हण, आई."

"मागच्या सोमवारी पण म्हटलं होतं," आई म्हणते, आणि तीन टॅप करून पुन्हा एकदा नको म्हणते.