वजनाचा काटा आणि मोबाइलचा पडदा

वाढलेले वजन हे श्रीमंतांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असा समज आपल्या वस्त्यांमध्ये घट्ट बसला आहे. ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या उपाशीपोटी राबल्या, त्याला सुटलेले पोट सुखाचे लक्षण वाटले तर नवल नाही. परंतु हा समज आता आपल्याच जिवावर उठला आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे कुपोषण गेले नाही आणि लठ्ठपणा मात्र घरात शिरला. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिले आहे, की भारतीय बाळ वजनाला कमी असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते. आईच्या उपासमारीचे देणे लेकराचे शरीर फेडत राहते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे असे डॉक्टर सांगतात. मधुमेहाने बाबासाहेबांना किती छळले, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको.

यावर आता मोबाइलचा उतारा आला आहे. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दोन वेळच जेवण्याचा विचार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून घरोघरी नेला. तो मराठीतून नेला आणि फुकट नेला, हे मान्य केलेच पाहिजे. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद मध्यमवर्गाने पुष्कळ रंगवला. आमचा प्रश्न वेगळा आहे. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात निंदणाला जाणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला यातले काय मिळते?

तिचे जेवण तिच्या भुकेवर नव्हे, मजुरीच्या वेळेवर ठरते. अ‍ॅप तिला ओट्स आणि प्रोटीनची पावडर सांगते. तिच्या घरात रेशनचा तांदूळ आणि गहू आहे. ज्वारीच्या वावरात सोयाबीन आले आणि भाकरी महाग झाली. गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने काढून घेतले. शिवाय मोबाइल मुलाच्या हातात! वरील पाहणीच्या वेळी ग्रामीण भागातील चारपैकी जेमतेम एका स्त्रीने इंटरनेट कधी तरी वापरले होते. आणि ती साखरेच्या गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरला न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे तिच्या जिवाशी खेळ ठरेल.

मग हे ऑनलाइन प्रकरण टाकाऊच समजावे काय? मुळीच नाही. अमेरिकेत ९१ प्रौढांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला केवळ संकेतस्थळावरची माहिती दिली. दुसऱ्या गटाने खाण्याची, चालण्याची रोज नोंद ठेवली आणि आठवड्याला तज्ज्ञाकडून ई-मेलने सल्ला घेतला. सहा महिन्यांत पहिल्या गटाचे वजन सरासरी १.६ किलो उतरले, दुसऱ्याचे ४.१ किलो. नुसत्या पडद्याने फारसे साधत नाही. नोंद आणि विचारपूस करणारा माणूस लागतो.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. कोसलचा राजा पसेनदी भरपूर जेवून धापा टाकत बुद्धाकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. बुद्धाने त्याला फटकारले नाही. जागरूक राहून मोजके खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन रोज जेवताना म्हणून दाखवायला नेमले आणि आहार हळूहळू आटोक्यात आणला. मोबाइलची घंटा आज याहून वेगळे काय करते? फरक एवढाच, की राजाला आठवण देणारा माणूस पदरी ठेवता आला.

तो माणूस नाचणगावच्या बाईला कोण देणार? आशाताईंच्या सरकारी तपासणी फॉर्मवर तीस वर्षांवरील माणसाच्या कमरेचे माप आधीच लिहिले जाते. फॉर्म भरून फाइलीत जातो, पुढे काय? ज्यांचे माप धोक्याचे, त्यांचा मराठीतला गट करून आरोग्य केंद्राने आठवड्याला एकदा विचारपूस करावी, ही आपली मागणी असली पाहिजे. ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आणि आपण? आपल्या वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक टेप, एक काटा, एक वही आणि वस्तीतल्या शिकलेल्या पोरीचा एक मोबाइल एवढ्यावर काम सुरू होते. कोणाच्या अंगावर हसायचे नाही, ही पहिली अट. ज्या समाजाने शरीरावरून अपमान सोसला, त्याने तरी तो दुसऱ्याचा करू नये.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण रोज म्हणतो. पण संघर्षाला शरीर लागते. ते पन्नाशीतच कोलमडले, तर मोर्चात चालणार कोण?

जयभीम!