अंगणात खोली वाढवताय? घुग्घुसमध्ये आधी जमिनीखालचं विचारा

मुलाचं लग्न ठरलंय, किंवा भाड्याचे चार पैसे हवेत. खाणी आणि सिमेंट कारखान्याच्या घुग्घुसमध्ये घरामागे खोली काढायला कारणं भरपूर. पण नियम काय सांगतो?

नगर परिषद हद्दीत राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ती डिसेंबर २०२० मध्ये आली. १५० चौरस मीटरपर्यंतचा (सुमारे १,६०० चौरस फूट) प्लॉट तिच्यात ‘कमी जोखीम’ गटात येतो. नकाशा, कागदपत्रं आणि शुल्क भरलं की वेगळ्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत परवानगी मिळायला हवी. मालकीचा कागद नसेल, तर मात्र ही सवलत कामाची नाही.

गोम इथेच आहे. ही ‘जोखीम’ प्लॉटच्या आकारावरून ठरते, खालच्या जमिनीवरून नाही.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली.

म्हणून खोली किंवा वरचा मजला चढवण्याआधी नगर परिषद आणि वेकोलिला लेखी विचारा: आमच्या प्लॉटखाली खाण आहे का? उत्तरही लेखीच मागा. खाणींचे नकाशे शहराच्या नकाशावर चढवून लोकांसमोर ठेवले, तर प्रत्येकाला अर्ज घेऊन फिरावं लागणार नाही. ते काम यंत्रणेचं आहे.