कुमक येईपर्यंत

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पवई येथील एका स्टुडिओत सतरा मुलांना ओलीस धरण्यात आले. अभिनयाच्या चाचणीसाठी म्हणून बोलावलेली ही मुले होती. त्यांना डांबून ठेवणाऱ्या इसमाचे म्हणणे सरकारी खात्याकडून आपल्याला पैसे येणे असल्याचे होते आणि आपण सांगतो त्यांच्याशी आपले बोलणे करून द्यावे, अशी त्याची मागणी होती. पोलिसांनी बोलणी चालू ठेवली आणि त्याच वेळी न्हाणीघराच्या बाजूने आत शिरण्याची वाट काढली. काही तासांत सतरा मुले व दोन प्रौढ सुखरूप बाहेर आले. गोळी लागलेल्या त्या इसमाचा मृत्यू झाला. ती गोळी टाळता आली असती काय, हा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कायद्याच्या राज्यात तो विचारला जाणे योग्यच आहे. मुलांची सुटका मात्र मुंबई पोलिसांनी स्वतःच्या बळावर केली, याची नोंद घेतली पाहिजे.

ही नोंद घेण्याचे कारण असे की, असा प्रसंग उद्भवला की आपल्याकडे पहिली हाक उठते ती ‘लष्कर बोलवा’ अशी. तिच्यामागची भावना समजण्यासारखी आहे. मराठवाड्याला तर ती अधिकच जवळची. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने निजामी राज्यात शिरली आणि पाच दिवसांत रझाकारांचा कहर संपला. त्या सैनिकी मोहिमेला सरकारने नाव दिले ‘पोलीस ॲक्शन’. ते आजही आपल्याकडील वृद्धांच्या तोंडी आहे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा ढिगारे उपसायला जवान धावून आले. पोलीस ठाण्याच्या पायरीवर सामान्य माणसाला येणारा अनुभव आणि गणवेशातील जवानाविषयी त्याच्या मनात असलेला आदर यांत मोठे अंतर आहे, हे कटू असले तरी सत्य आहे. परंतु ओलिसांचे प्राण आदराच्या आधारे वाचत नाहीत. संकटाच्या पहिल्या तासांत घटनास्थळी कोण हजर असते आणि ते काय करू शकतात, यावर ते अवलंबून असते.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. समुद्रमार्गे आलेल्या दहा पाकिस्तानी अतिरेक्यांनी रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईवर हल्ला चढवला. नौदलाचे मार्कोस कमांडो मध्यरात्रीनंतर पोहोचले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या, म्हणजे एनएसजीच्या तुकडीला हरियाणातील मानेसरहून दिल्लीचा विमानतळ, तेथून मुंबई आणि पुन्हा रस्त्याने दक्षिण मुंबई असा प्रवास करावा लागला. प्रत्यक्ष कारवाईला ते जवान भिडले तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथील त्यांच्या पराक्रमाविषयी दुमत नाही. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांनी तेथे देह ठेवला. पण एकूण १६६ बळींपैकी किती जण ही कुमक येण्यापूर्वीच गेले होते, याचा विचार केला की मन सुन्न होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील, लिओपोल्ड कॅफेतील आणि कामा रुग्णालयाच्या परिसरातील संहार त्या रात्री अवघ्या काही तासांत उरकला होता.

त्या तासांत मुंबई उभी होती ती तिच्या पोलिसांच्या आधारे. कोणाच्या हाती जुनाट थ्री-नॉट-थ्री बंदूक, कोणाच्या हाती पिस्तूल, कोणाच्या हाती केवळ काठी. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत पडले. मूठभर सहकाऱ्यांसह विश्वास नांगरे पाटील ताजमध्ये शिरले. तेथे राज्य राखीव पोलीस दलाचा तरुण शिपाई राहुल शिंदे हुतात्मा झाला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणूनच पाकिस्तानचा जिवंत पुरावा जगापुढे उभा राहिला. ओंबळे हे पोलिसांत येण्यापूर्वी भारतीय सेनेत होते. त्यांच्या शौर्यातील सैनिक कोठे संपला आणि पोलीस कोठे सुरू झाला, हे कोण सांगणार? २६ जानेवारी २००९ रोजी करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, उन्नीकृष्णन आणि बिश्त या सहाही वीरांना अशोकचक्र देऊन राष्ट्राने एकाच मानाने गौरविले.

पोलिसांच्या शौर्याला साधनांची जोड मात्र नव्हती. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या चौकशीत जे पुढे आले, ते शरमेने मान खाली घालायला लावणारे होते. दारूगोळ्याच्या टंचाईमुळे शीघ्र कृती पथकाला कित्येक महिने नेमबाजीचा सरावच मिळालेला नव्हता. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते चाकूरचे शिवराज पाटील आणि राज्याचे मुख्यमंत्री होते बाभळगावचे विलासराव देशमुख. दोघेही लातूर जिल्ह्याचे. दोघांनाही पद सोडावे लागले आणि विलासरावांच्या जागी नांदेडचे अशोक चव्हाण आले. देशाच्या व राज्याच्या सुरक्षेची सूत्रे एकाच वेळी आपल्या भागातील नेत्यांच्या हाती होती. सत्तांतर झाले तेही लातूरहून नांदेडला. म्हणून ‘हा मुंबईचा विषय, आपला काय संबंध?’ असे मराठवाड्याने म्हणू नये.

आता मूळ प्रश्न. सैन्य आणि पोलीस यांच्या शिक्षणातच फरक आहे. शत्रूचा ठाव घेऊन त्याचा नायनाट करणे हा सैनिकाचा धर्म. आरोपीला पकडणे, नागरिकाला वाचवणे आणि प्रत्येक गोळीचा हिशेब न्यायालयाला देणे हा पोलिसाचा धर्म. ओलिसाच्या खोलीत शत्रू आणि आपला माणूस यांच्यात हातभराचे अंतर असते.

अमृतसरचे उदाहरण घ्या. काटेकोर अर्थाने तेथे ओलीसनाट्य नव्हते. परंतु पवित्र स्थानात शस्त्रधारी दडून बसले होते आणि भाविकांचे प्राण धोक्यात होते. जून १९८४ मध्ये तेथे सैन्य रणगाड्यांसह उतरले. अतिरेक्यांचा बीमोड झाला, पण अकाल तख्ताची हानी झाली, यात्रेकरू मारले गेले आणि राष्ट्रभक्त शीख समाजाच्या मनावर खोल जखम झाली. मे १९८८ मध्ये पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी त्याच परिसराला एनएसजीच्या मदतीने वेढा घातला. वीज-पाणी तोडले, नेमबाज बसवले, पत्रकारांना सारे पाहू दिले आणि घाई केली नाही. अखेर सुमारे दोनशे जण हात वर करून बाहेर आले आणि वास्तूला फारशी इजा पोहोचली नाही. सचखंड श्री हुजूर साहिबच्या नांदेडनगरीला या दोन प्रसंगांतील भेद निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रशियातील बेस्लानच्या शाळेत सप्टेंबर २००४ मध्ये ३३० हून अधिक माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. आत ओलीस असताना रणगाडे आणि ज्वालाफेकी अस्त्रे वापरल्याबद्दल २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने रशियाला दोषी धरले. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्युनिकचे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंना सोडवण्याचे काम असे शिक्षण नसलेल्या बव्हेरियाच्या पोलिसांवर पडले आणि सारे ओलीस प्राणास मुकले. जर्मनीने मग सैन्याच्या नव्हे, सीमा पोलिसांच्या अंतर्गत ‘जीएसजी ९’ हे खास पथक उभारले. पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, त्या पथकाने सोमालियातील मोगादिशू येथे अपहृत विमानातील ८६ प्रवासी सुखरूप सोडवले. म्हणजे गणवेशाच्या रंगापेक्षा या विशिष्ट कामाचे शिक्षण महत्त्वाचे. आपले एनएसजीही असेच संमिश्र आहे. त्यातील एक शाखा सैन्यातून आलेल्या जवानांची, दुसरी केंद्रीय पोलीस दलांतून आलेल्यांची आणि दल आहे गृहमंत्रालयाच्या हाताखाली.

कोणी म्हणेल, मरायलाच आलेल्या फिदायीनाशी बोलणी कसली? आक्षेप रास्त आहे. पवईचा इसम आणि कसाब यांना एकच उपाय लागू पडत नाही. एकाला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्याला दिलेला प्रत्येक क्षण नवा बळी घेतो. परंतु समोर या दोहोंपैकी कोण आहे, हे ओळखायचे कोणी? दिल्लीहून विमान निघण्यापूर्वी हा निर्णय ठाण्याच्या निरीक्षकाला किंवा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला करावा लागतो. परिसर मोकळा करणे, बघ्यांना आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना दूर ठेवणे, हेही त्यांचेच काम. २६/११ च्या थेट प्रक्षेपणाचा लाभ पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना कसा झाला, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले आहेत.

स्थानिक यंत्रणेने वेळ कसा मिळवून द्यायचा असतो, हे अमृतसरच्या विमानतळानेही दोनदा शिकवले. एप्रिल १९९३ मध्ये अपहृत विमान तेथे उतरले. स्थानिक अधिकाऱ्यांनी बोलणी लांबवली, एनएसजी पोहोचले आणि सर्व प्रवासी वाचले. २४ डिसेंबर १९९९ रोजी आयसी ८१४ हे विमान त्याच धावपट्टीवर पाऊण तास उभे होते. दिल्लीत निर्णय होईना, अमृतसरला स्पष्ट आज्ञा मिळेना. कमांडो येण्यापूर्वी विमान उडाले आणि राष्ट्राला कंदाहारचा अपमान गिळावा लागला. तेव्हा केंद्रात राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे सरकार होते, म्हणून या चुकीचे वजन कमी होत नाही.

२६/११ नंतर २००९ मध्ये मुंबई, हैदराबाद, चेन्नई व कोलकाता येथे एनएसजीची केंद्रे झाली, महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारले. स्वागतार्हच. पण नांदेडहून मुंबई जवळपास सहाशे किलोमीटर आहे. आपल्याला जवळचे केंद्र हैदराबादचे, तेही परराज्यात. आज्ञा तत्काळ निघाली तरी कुमक येण्यात काही तास जाणारच. शिवकाळात गडाला वेढा पडला की बाहेरची कुमक येईपर्यंत गड झुंजवायचा तो गडावरच्या शिबंदीने. म्हणूनच गडाचे धान्यकोठार, दारूकोठार आणि पाण्याची टाकी वेढा पडण्यापूर्वी भरलेली असत.

आमची मागणी साधी आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांच्या परिक्षेत्रात ओलीस-सुटकेचे पूर्ण शिक्षण घेतलेले, वर्षभर नेमबाजीचा सराव करणारे पथक सदैव सज्ज असावे. हिंगोलीला राज्य राखीव दलाचा गट आहेच. मनुष्यबळ दूर शोधण्याचे कारण नाही. गडचिरोलीच्या सी-६० ने स्थानिक तरुणांच्या बळावर जे करून दाखवले, ते येथे का होऊ नये? मराठी, दखनी, तेलुगू आणि पंजाबी जाणणारे, बोलणी करण्याचे शिक्षण घेतलेले अधिकारी त्यात हवेत. गुरुद्वारा परिसर, रेल्वे स्थानके, रुग्णालये आणि हजारो विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या लातूरच्या शिकवणी वर्गांच्या इमारती यांचे आराखडे या पथकाच्या हाती असावेत. सूत्रे कोणत्या क्षणी, कोणाच्या आज्ञेने एनएसजीकडे किंवा सैन्याकडे जातील, हे आधीच लेखी ठरलेले असावे. आणि ती सोपवल्यावर पोलिसांनी वेढा सोडू नये.

यांपैकी आज काय सिद्ध आहे आणि काय कागदावरच आहे, याचा जाब मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात सरकारला विचारला पाहिजे. शस्त्रांचा गुप्त तपशील आम्हाला नको. सराव शेवटचा केव्हा झाला आणि त्यासाठी काडतुसे पुरली का, एवढे सांगितले तरी पुरे.