आईचे हात आणि माझा चेहरा

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आई चार घरची धुणीभांडी करते. साबण-सोड्याने तिच्या हातांना भेगा पडल्या आहेत. "भांडी घासणाऱ्याचे हात असेच असायचे," असे ती म्हणते. मी मात्र शिकूनसवरून गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने चेहरा बिघडवून घेतला!

स्नेहसंमेलन जवळ आले होते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून गोरे होण्याचे मलम आणले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. पंधरा दिवस चेहरा उजळला. मग लाली आली, आग होऊ लागली, साधे पाणीही झोंबू लागले. डॉक्टरांनी ट्यूब पाहून सांगितले, "यात स्टेरॉइड आहे." अशी १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला. पण नियम कागदावर आणि मलम फळीवर!

डॉक्टरांनी मला समजावले ते असे. त्वचेचा सर्वांत वरचा थर ही एक भिंत आहे. मृत पेशी या विटा. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा त्यांमधला चुना. ही भिंत आतले पाणी राखते, बाहेरचे जंतू अडवते. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, तर साबणाचा ९ ते १०. वारंवार साबण लावला की चुना निघून जातो. स्टेरॉइडने तर त्वचाच पातळ होते. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटणे, पापुद्रे सुटणे, रोजचे तेलही झोंबणे, ही भिंत ढासळल्याची चिन्हे.

उपाय साधा आहे. घासणे, लिंबू-सोडा चोळणे बंद. कोमट पाणी, साबण बेताचा आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. काही आठवड्यांत त्वचा भिंत पुन्हा उभी करते. स्टेरॉइड बरेच दिवस लावले असेल तर मात्र मनानेच बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

मित्रमैत्रिणींनो, इतिहासाच्या तासाला दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष शिकताना आपण चिडतो आणि वसतिगृहाच्या आरशापुढे आपल्याच सावळ्या रंगाची लाज बाळगतो! ही लाजच त्या मलमाचे खरे गिऱ्हाईक आहे. दुकानदाराला दोष देण्याआधी ती आपण टाकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रोज रात्री मी आईच्या हातांना जेली लावते. भेगा भरत आल्या की सकाळी पुन्हा तोच सोडा. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी मोरीजवळ रबरी हातमोज्यांचा एक जोड ठेवावा, एवढीच विनंती. भांडी घासणाऱ्याचे हात असेच असायचे, असे कुठेही लिहिलेले नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला