दुकानावरची माडी

पिंप्राळ्याहून जळगावच्या नवी पेठेत किंवा दाणा बाजारात खरेदीला जाताना आपली नजर दुकानाच्या पाटीपर्यंतच पोचते. या अंकात आम्ही ती थोडी वर न्यायला सांगणार आहोत. पत्र्याच्या मोठ्या पाट्यांमागे अजून कुठे सागवानी खांब आहेत, कुठे बिडाचे कठडे, कुठे चुन्यातली वेलबुट्टी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खान्देशातली पेठ कापसाने उभी केली. १९०० साली ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरत-अमळनेरकडून जळगावला मिळाली, त्याच वर्षी चाळीसगाव-धुळे फाटाही सुरू झाला. १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या, खाली गाळा आणि वर बिऱ्हाड अशी घरे, हे सारे कापसाच्या पैशाचे रूप. पुढे नाटक-सिनेमाची थिएटरे आली आणि बाजाराला आलेला शेतकरी मुक्कामाला थांबू लागला.

मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या पेठांची साधी यादीसुद्धा नाही, आणि जुनी माडी पाडून संकुल उभे राहायला काही महिने पुरतात. म्हणूनच हा विषय आत्ता घेतला. शैलींच्या नावांपेक्षा आम्ही बांधणारे गवंडी-सुतार, गाळेवाले आणि प्रेक्षक यांच्याकडे अधिक पाहिले आहे.

तुमच्या घरी दुकानाचा जुना फोटो, भाडेपावती, नाटकाचे हस्तपत्रक असेल तर जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.