सरकारचे कर्ज आणि कुणब्याची विहीर

महाराष्ट्र सरकारने २०२५-२६ सालच्या अंदाजपत्रकात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि तूट ४५,८९१ कोटी रुपये धरली होती. वेल्ह्याच्या भातकऱ्यास हे आकडे आभाळातले वाटतील, पण अर्थ अगदी घरगुती आहे. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा सरकारचा रोजचा खर्च. तो वर्षाच्या उत्पन्नात भागत नाही, म्हणून कर्ज काढून भागवावयाचा!

यावर कित्येक शहाणे सुचवितात की, जमेपेक्षा खर्च अधिक करू नये असे कलम घटनेतच घाला. अमेरिकेत हा खटाटोप जुना आहे. तेथे ५० पैकी ३४ राज्यांनी मागणी केली, तर घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलवावी लागते. मध्यवर्ती सरकारच्या जमाखर्चाचा मेळ बसावा म्हणून १९८३ पर्यंत ३२ राज्यांनी तशी मागणी केली, आणि घोडे तेथेच अडले. १९९७ साली तेथील सिनेटात हीच दुरुस्ती एका मताने पडली. आपल्या राज्यांस तर तेवढाही अधिकार नाही; घटनादुरुस्तीचे बिल संसदेतच मांडावे लागते. आमच्या घटनेत आहे ते २९२ वे कलम. संसदेने कायदा करून केंद्राच्या कर्जास मर्यादा घालावी, एवढी सोय त्यात आहे. संसद हे काम करील अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटनासमितीत बोलून दाखविली होती. कायदा झाला २००३ साली! आणि २०१८ साली त्यातले महसुली तुटीचे उद्दिष्टच काढून टाकले. महाराष्ट्राने आपला कायदा २००५ साली केला. त्याची गत वरच्या आकड्यांत दिसतेच आहे.

मग घटनेत कलम हवे काय? हवे, पण सरसकट नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. विहिरीसाठी काढलेले ऋण आणि लग्नाच्या पंगतीसाठी काढलेले ऋण सावकाराच्या वहीत एकाच ओळीत बसते. शेतात मात्र तसे नाही. तोरण्यावर सापडलेले धन शिवछत्रपतींनी राजगड बांधण्यास लावले, असे आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे एका वर्षाच्या वसुलीतून बांधण्याचा नेम केला असता, तर एक भिंत उभी राहिली नसती. (त्यांत जमिनी कोणाच्या बुडाल्या नि पाणी कोठे गेले, तो हिशेब निराळा.) खुद्द अमेरिकेतील बहुतेक राज्यांवर मेळ घालण्याचे बंधन आहे, तरी रस्त्यापुलांसाठी ती कर्ज काढतातच.

यास्तव रोजच्या खर्चासाठी कर्ज काढू नये, एवढेच कलम असावे; दुष्काळ, महापूर, महामारी यांचा अपवाद ठेवावा. आणि तूट भरण्यास कात्री कोठे लावणार, हे विधिमंडळात आधी उघड सांगण्याची सक्ती असावी. ही दुसरी अट आम्हांस पहिलीहून मोठी वाटते. व्याज कापता येत नाही, पगार कापवत नाहीत; मग उरते काय? वाडीवरची शाळा, उपकेंद्रातले औषध आणि डोंगरातली मुक्कामाची एस्‌.टी. कर मात्र खताच्या पोत्यावर आणि साबणाच्या वडीवर आम्हीही भरतो.

बंधूंनो, दर मार्चात अंदाजपत्रक येते. तेव्हा आपल्या आमदारास ग्रामसभेत बोलावून विचारा: यंदा रोजच्या खर्चासाठी कर्ज किती काढले, आणि त्याच्या फेडीसाठी आमच्या खोऱ्यातले कोणते काम मागे टाकले?